बाळाचं तोंड आलंय आणि आईचा रोजा आहे

लहान मुलाच्या जिभेवर पांढरे डाग दिसले की मराठीत ‘तोंड आलंय’ म्हणतात. आमच्या घरच्या बोलीत ‘बच्चे का मुँह आया’. दोन्ही भाषांनी एकच शब्द धरला आहे. पण त्याच बुरशीमुळे आईला जे होतं, त्याला यातल्या कुठल्याच भाषेत नाव असल्याचं माझ्या कानावर आलेलं नाही. स्तनाग्रं गुलाबी, चकचकीत होतात, खाजतात, आग होते. बाळ प्यायला लागलं की कळ येते आणि पिऊन झाल्यावरही आत सुया टोचत राहतात. एरवीही बाई हे कुणाला सांगत नाही. रमजानमध्ये तर आयतं कारण मिळतं: रोजा आहे, म्हणून अंगात त्राण नसेल.

कॅन्डिडा नावाची ही बुरशी आपल्या तोंडात, त्वचेवर एरवीही असते. सिझेरियननंतर किंवा टाके पिकू नयेत म्हणून अँटिबायोटिक दिलं, की तिला आवरून धरणारे जिवाणू कमी होतात आणि ती फोफावते. ओलसर, उबदार जागा तिला आवडते. बाळाचं तोंड, दुधाने भिजलेली चोळी, ओला लंगोट, सगळं तिच्या सोयीचं. यात बाईच्या स्वच्छतेचा, नशिबाचा किंवा नजर लागण्याचा काही संबंध नाही. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण बोल तिलाच लागतात.

प्रत्येक पांढरी जीभ म्हणजे बुरशी नव्हे. दुधाचा थर ओल्या स्वच्छ कापडाने निघतो. बुरशीचे डाग गालांच्या आत, हिरड्यांवरही असतात, सहज निघत नाहीत आणि खरवडले तर खाली लाल होतं, रक्तही येतं. म्हणून खरवडू नका. बाळ छातीला लागतं, सोडतं, रडतं. कधी लंगोटाच्या जागीही लालभडक पुरळ असतं. उलट, आईचं प्रत्येक दुखणंही बुरशीचं नसतं. बाळाने नुसतं टोक धरलं, भोवतालचा काळसर भाग तोंडात घेतला नाही, तरी भयंकर दुखतं, आणि दुखण्याचं हे कारण जास्त वेळा आढळतं. एकाच बाजूला लाल, कडक गाठ आणि ताप असेल तर तो स्तनदाह. त्यासाठी त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

उपचार साधा आहे, पण अर्धवट केला जातो. बाळाच्या तोंडाला औषध लागतं आणि आई तशीच राहते. मग बाळ आईला देतं, आई बाळाला देते, महिनाभर हेच चालू. बाळाच्या तोंडात बुरशीचं औषध आणि आईच्या स्तनाग्रांना मलम, दोन्ही एकाच वेळी, डॉक्टरांनी सांगितलेले सगळे दिवस, डाग गेले तरी. तोंडात लावायचं जेल घट्ट असेल तर चमच्याने घशात सोडू नये, घुसमट होते. स्वच्छ बोटाने थोडं थोडं लावावं. चोखणी, बाटलीचं बूच असेल तर रोज उकळावं. चोळ्या गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवाव्यात. आणि अंगावरचं दूध तोडू नये. डबा आणायची घाई घरातले करतात, डॉक्टर नाही.

आता टाकणखार. मधात टाकणखार कालवून बाळाच्या तोंडाला लावायचा उपाय मुकुंदनगरच्या गल्लीत ऐकायला मिळतो, तसाच केडगावात आणि राहुरीकडच्या वस्तीवरही. या बाबतीत आपली एकी पक्की आहे. जुन्या इंग्रजी औषधशास्त्रातही हे मिश्रण होतं, पुढे टाकण्यात आलं, कारण टाकणखार तान्ह्या मुलाला विषारी ठरतो. मधही वर्षाच्या आत नकोच. त्यातल्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे बाळाला बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. घुट्टीत मध असो की जन्मल्यावर चाटवलेला असो, बाळाच्या पोटाला धर्म कळत नाही.

अशा गोष्टी डॉक्टरपेक्षा शेजारणीने सांगितल्या तर लवकर उतरतात, हे आपल्याच जिल्ह्यात सिद्ध झालं आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 मध्ये जामखेडला काम सुरू केलं, ते गावातल्याच, बहुतेक निरक्षर बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार करून. आज आशाताई येते. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर 42 दिवसांत तिच्या सहा भेटी ठरलेल्या असतात. तिला बाळाचं तोंड उघडून दाखवा आणि स्वतःचं दुखणंही सांगा. दुसरं सांगायला तोंड धजत नाही, म्हणून पुरुष बाहेर बसलेले असताना सांगा.

राहिला रोजा. मलम त्वचेवर लावल्याने रोजा तुटत नाही, बाळाचं औषध तर बाळाचंच. आईला पोटातून गोळी दिवसा घ्यावी लागली तर तुटतो. पण मुळात दूध पाजणाऱ्या बाईला स्वतःच्या किंवा बाळाच्या तब्येतीची भीती असेल तर रोजा न ठेवण्याची रुखसत, म्हणजे सूट आहे. मुसाफिराबरोबर तिचाही उल्लेख हदीसमध्ये येतो. ही पळवाट नाही, दिलेला हक्क आहे. सासूबाईंच्या परवानगीवर तो अवलंबून नाही. डोकं गरगरतंय, लघवी गडद होतेय, बाळाचे ओले लंगोट दिवसाला सहापेक्षा कमी झालेत, वर छातीत कळा आहेत, अशा बाईला इफ्तारसाठी भजी तळायला उभं करून ‘हिंमत कर’ म्हणणाऱ्यांनी एकदा आपल्या मौलवीसाहेबांना विचारून बघावं.

सुटलेले रोजे नंतर ठेवायचे, त्याला कजा म्हणतात. हनफी मतात तेवढं पुरतं. कोकणातल्या शाफई घरांत केवळ बाळासाठी रोजा सोडला तर गरिबाला जेवणही द्यावं लागतं. घाई नाही. आमच्याकडच्या कितीतरी बायका हे रोजे मार्गशीर्ष-पौषाच्या थंडीत ठेवतात, दिवस लहान असतो तेव्हा.