खाटेच्या कठड्यावरचा विषाणू

तान्ह्या बाळाला धाप लागते, बरगड्या आत ओढल्या जातात, दूधही ओढवत नाही. मग बालरोग विभाग गाठावा लागतो. अशा कितीतरी बाळांच्या दुखण्याचं मूळ आरएसव्ही हा विषाणू असतो. मोठ्यांना त्याच्यामुळे बहुधा साधं पडसं होतं, आणि तिथेच खरा धोका आहे. नाक गळतंय म्हणून कुणी रजा घेत नाही आणि शेजारच्या खाटेवर जन्मजात हृदयविकाराचं बाळ असतं.

हा विषाणू वॉर्डात पसरतो कसा, याचा शोध अमेरिकेतल्या रॉचेस्टरमध्ये डॉ. कॅरोलाइन ब्रीझ हॉल यांनी घेतला. १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात स्वयंसेवकांचे तीन गट होते. पहिल्या गटाने आजारी बाळांना कुशीत घेऊन त्यांचं सगळं केलं. दुसऱ्याने बाळ खोलीत नसताना खाटेभोवतीच्या वस्तू हाताळल्या आणि तेच हात स्वतःच्या नाकाडोळ्यांना लावले. तिसरा गट खाटेपासून सहा फुटांहून लांब नुसता बसून राहिला. पहिल्या गटातल्या ७ पैकी ५ जणांना लागण झाली, दुसऱ्यातल्या १० पैकी ४ जणांना. लांब बसलेल्या १४ पैकी एकालाही नाही.

मला दुसरा गट फार महत्त्वाचा वाटतो. बाळ समोर नव्हतं, कुणी शिंकलं-खोकलं नव्हतं, तरी आजार झाला. शेंबडातला विषाणू कठड्यासारख्या टणक पृष्ठभागावर काही तास टिकतो, कापडावर त्याहून कमी आणि हातावर साधारण वीस मिनिटं. एका खाटेवरून दुसऱ्या खाटेशी जायला तेवढा वेळ भरपूर झाला. शरीरात तो शिरतो मुख्यतः नाकातून आणि डोळ्यांतून. म्हणून नुसत्या तोंडावरच्या मास्कवर विसंबून भागत नाही.

गोवराचं तसं नाही. तो हवेत रेंगाळतो, तिथे खोलीची हवा बदलावी लागते. आरएसव्ही मात्र मुख्यतः स्पर्शातून पसरतो आणि त्याचं स्निग्ध आवरण साबणाने किंवा अल्कोहोलने फाटतं. त्यामुळे प्रत्येक बाळाला हात लावण्याआधी आणि नंतर हात स्वच्छ करणं, लागण झालेल्या बाळांना एकत्र ठेवून त्यांच्यासाठी वेगळ्या परिचारिका नेमणं, हे उपाय कामी येतात. पण रात्रपाळीत एकीवर खंडीभर बाळं सोपवली, तर तिने दर वेळी हात धुवायचे कधी? पडशासाठी पगारी रजा आणि पुरेशा परिचारिका यांचा खर्च रुग्णालयांनी संसर्ग-नियंत्रणाच्या खात्यातच मांडायला हवा.