मानसशास्त्रीय, मज्जामानसशास्त्रीय व शैक्षणिक चाचण्या : रुग्ण व कुटुंबीयांच्या दृष्टीने

प्रस्तावना :

डॉक्टरांनी 'चाचणी करून घ्या' असे सांगितले की रुग्णाच्या मनात रक्त-लघवीची तपासणी किंवा क्ष-किरण चित्र उभे राहते. मानसशास्त्रीय चाचणी त्यांहून वेगळी असते. तिच्यात सुई टोचली जात नाही, यंत्रही क्वचितच लागते. प्रश्न, चित्रे, ठोकळे, कागद व पेन्सिल यांच्या साहाय्याने व्यक्तीची स्मृती, अवधान, भाषा, विचारशक्ती, भावनिक अवस्था व शालेय कौशल्ये यांचे मापन केले जाते. मापनाच्या अखेरीस हाती येणाऱ्या आकड्याचा अर्थ नीट न कळल्यास मात्र एखाद्या मुलावर 'मंद' किंवा एखाद्या वृद्धावर 'भ्रमिष्ट' असा शिक्का कायमचा बसतो. प्रस्तुत लेखात या चाचण्यांचे स्वरूप, त्यांच्या मर्यादा आणि कुटुंबीयांनी घ्यावयाची दक्षता यांचा विचार केला आहे.

चाचण्यांचे प्रकार :

१) मानसशास्त्रीय चाचण्या : बुद्धिमत्ता, व्यक्तिमत्त्व, नैराश्य, चिंता इत्यादींचे मापन यांत येते. फ्रान्समध्ये आल्फ्रेड बिने व थिओडोर सिमाँ यांनी 1905 मध्ये पहिली व्यावहारिक बुद्धिमापन श्रेणी तयार केली. शाळेत ज्या मुलांना विशेष मदतीची गरज आहे ती शोधून काढणे, हा तिचा मूळ हेतू होता. मदतीसाठी जन्मलेले हे साधन पुढे वर्गवारीसाठी वापरले जाऊ लागले, हे लक्षात ठेवणे आवश्यक आहे. डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी 1934 मध्ये बिने श्रेणीचे मराठी व कन्नड भाषक मुलांसाठी रूपांतर केले. नागपूरच्या डॉ. आर्थर मालिन यांनी वेश्लर यांच्या बालकांसाठीच्या श्रेणीचे भारतीय रूपांतर 1969 मध्ये सिद्ध केले.

२) मज्जामानसशास्त्रीय चाचण्या : रुग्णालयांत यांना 'न्यूरोसायकॉलॉजिकल' चाचण्या म्हणतात. डोक्याला मार, पक्षाघात, अपस्मार, मेंदूतील गाठ, स्मृतिभ्रंश अशा अवस्थांत मेंदूच्या कोणत्या क्रिया शाबूत आहेत व कोणत्या बाधित झाल्या आहेत, हे त्यांतून कळते. एमआरआय मेंदूची रचना दाखवतो. ती व्यक्ती पुन्हा दुकानाचा हिशेब सांभाळू शकेल काय, हे तो सांगत नाही. अंक उलट क्रमाने सांगणे, शब्दांची यादी काही वेळाने आठवणे, घड्याळाचे चित्र काढणे अशा साध्या वाटणाऱ्या कामांतून ते उलगडते. दुसऱ्या महायुद्धात मेंदूला इजा झालेल्या सैनिकांच्या अभ्यासातून रशियन शास्त्रज्ञ अलेक्झांडर लुरिया यांनी या शाखेचा पाया भक्कम केला. भारतात बंगळूरच्या 'निम्हान्स' संस्थेने 2004 मध्ये आपला चाचणीसंच प्रसिद्ध केला. वय, लिंग व शिक्षण यांनुसार, निरक्षर व्यक्तींसाठीसुद्धा, स्वतंत्र प्रमाणके दिलेली असणे हे त्याचे वैशिष्ट्य होय.

३) शैक्षणिक चाचण्या : वाचन, लेखन व गणित यांतील प्रत्यक्ष पातळी यांतून तपासली जाते. बुद्धिमत्ता सर्वसाधारण असून आणि पुरेशी शिकवणी मिळूनही ज्या मुलाला वाचन वा गणित साधत नाही, त्याच्या बाबतीत अध्ययन अक्षमतेचा विचार केला जातो. महाराष्ट्र शासनाने अशा विद्यार्थ्यांना 1996 मध्ये सवलती मंजूर केल्या. 2016 च्या दिव्यांग हक्क अधिनियमात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा स्वतंत्र समावेश झाला.

आकड्यांचा अर्थ :

बहुतेक बुद्धिमापन श्रेणींत मध्यमान 100 व प्रमाण विचलन 15 धरलेले असते. त्यामुळे सुमारे 68 टक्के व्यक्तींचे गुण 85 ते 115 या दरम्यान येतात. एखाद्या मुलाचा बुद्धिगुणांक 92 आला म्हणजे त्याला शंभरपैकी 92 गुण मिळाले असे नव्हे, आणि त्याच्यात काही उणीव आहे असेही नव्हे; तो सर्वसाधारण कक्षेतच आहे. 'शतमक' या संज्ञेचा घोळ याहून मोठा असतो. 30 वा शतमक म्हणजे 30 टक्के गुण नव्हेत. समवयस्क शंभर मुलांपैकी सुमारे तीस जण त्या मुलाच्या मागे आहेत, एवढाच त्याचा अर्थ. शिवाय प्रत्येक मापनात थोडी त्रुटी संभवते. म्हणून चांगल्या अहवालात एका आकड्याऐवजी गुणांची कक्षा दिलेली असते.

केवळ एकूण गुणांकावर थांबणे हीसुद्धा चूक ठरते. दोन मुलांचा गुणांक सारखाच 95 असला, तरी एकाचे शब्दज्ञान उत्तम पण कामाचा वेग मंद, तर दुसऱ्याचे नेमके उलट असू शकते. त्यांना लागणारी मदतही भिन्न असते.

भाषा व प्रमाणकांचा प्रश्न :

चाचणी कोणत्या भाषेत व कोणत्या प्रमाणकांच्या आधारे झाली, हा महाराष्ट्रातील कुटुंबांच्या दृष्टीने कळीचा प्रश्न आहे. घरी मराठी बोलणारे, पण इंग्रजी माध्यमात शिकणारे मूल इंग्रजी वाचनात अडखळले, तर त्याचे कारण अक्षमता की भाषेचा अपुरा परिचय, हे केवळ इंग्रजी चाचणीवरून ठरवता येत नाही. इंग्रजीत स्पेलिंग व उच्चार यांचा मेळ अनियमित असतो. देवनागरीत तो बराच नियमित आहे. त्यामुळे मराठी वाचनातील अडचण पुष्कळदा चुकांपेक्षा संथपणातून प्रकट होते. काने-मात्रे, ऱ्हस्व-दीर्घ व जोडाक्षरे या ठिकाणी ती विशेष जाणवते. दोन्ही भाषांत वाचन तपासणे म्हणूनच श्रेयस्कर. राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने 2015 मध्ये हिंदी, मराठी, कन्नड व इंग्रजी या भाषांसाठी 'डाली' हा वाचन अक्षमतेचा चाचणीसंच उपलब्ध केला, तो याच गरजेतून.

वृद्धांच्या बाबतीत हाच प्रश्न वेगळ्या रूपाने उभा राहतो. शाळेची पायरी न चढलेल्या आजीला वाक्य लिहावयास किंवा शंभरातून सात-सात वजा करावयास सांगितले आणि ते जमले नाही, तर तो स्मृतिभ्रंशाचा पुरावा ठरत नाही. त्याच आजी बाजारहाट, सणवार व नातवंडांची औषधे बिनचूक सांभाळत असतील, तर ती माहितीही निदानात तितकीच महत्त्वाची असते. ती देण्याचे काम कुटुंबीयांचे होय. जुनी प्रमाणके हीही एक मर्यादा आहे. अनेक दशकांपूर्वीच्या मुलांवरून ठरवलेल्या निकषांशी आजच्या मुलाची तुलना केल्यास गुणांक प्रत्यक्षापेक्षा अधिक येण्याची शक्यता असते.

कुटुंबीयांनी घ्यावयाची दक्षता :

चाचणीपूर्वी पुरेशी झोप व आहार व्हावा. चष्मा वा श्रवणयंत्र सोबत असावे. शक्य तर दृष्टी व श्रवण आधीच तपासून घ्यावे. चालू औषधांची यादी, पूर्वीचे अहवाल, प्रगतिपुस्तके व मुलाच्या वह्या न्याव्यात. चाचणीतील प्रश्नांची घरी तालीम करून घेऊ नये, तसेच थोड्या अवधीत तीच चाचणी पुन्हा करू नये. सरावाने गुण वाढतात व निष्कर्ष फसवा ठरतो. मुलाला 'तुझी परीक्षा आहे' असे न सांगता 'तुला कशात मदत लागते ते पाहायचे आहे' असे सांगावे.

चाचणी घेणारी व्यक्ती भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणीकृत चिकित्सा मानसशास्त्रज्ञ आहे किंवा नाही, हे विचारण्यास संकोच करू नये. अहवाल हाती आल्यावर काही प्रश्न अवश्य विचारावेत : चाचणी कोणती व कोणत्या भाषेत झाली? तुलना कोणाशी केली? बलस्थाने कोणती आढळली? आता घरी व शाळेत नेमके काय करावे? या अखेरच्या प्रश्नाचे उत्तर अहवालात नसेल, तर तो अपुरा समजावा. अहवाल कोणाला दाखवावा हे ठरवण्याचा अधिकार रुग्णाचा व अज्ञान मुलाच्या बाबतीत पालकांचा असतो.

समारोप :

मानसशास्त्रीय चाचणी ही व्यक्तीच्या एका दिवसाच्या कामगिरीची पद्धतशीर नोंद असते. मुलाखत, निरीक्षण व वैद्यकीय तपासणी यांच्या जोडीनेच तिला अर्थ प्राप्त होतो. योग्य भाषेत व योग्य प्रमाणकांच्या आधारे झालेली चाचणी एखाद्या मुलाला परीक्षेतील जादा वेळ व योग्य अध्यापन मिळवून देते, पक्षाघातातून उठलेल्या रुग्णाच्या पुनर्वसनाची दिशा ठरवते आणि 'हा आळशी आहे', 'हिला काही कळत नाही' अशा घरगुती निवाड्यांतून त्यांची सुटका करते. बिने यांच्या श्रेणीचा मूळ हेतूही मदत हाच होता; आकडा वाचताना कुटुंबाने व तज्ज्ञाने तो दृष्टिआड होऊ देऊ नये.