लिनक्सवर खिडकी सरकते, ती किती?

पुन्हा उघडलेली खिडकी जागेवरून हलली की दोष थेट अ‍ॅपवर जातो. माझ्या मते आधी सरकण्याचं माप पाहावं. खिडकी दरवेळी शीर्षकपट्टीच्या उंचीएवढीच खाली येत असेल, तर मोजणी चुकते आहे. १९८७पासूनच्या एक्स११ पद्धतीत खिडकीची चौकट विंडो मॅनेजर हा वेगळा प्रोग्राम काढतो. अ‍ॅप आतल्या भागाची जागा नोंदवतं, आणि उघडताना तोच आकडा चौकटीच्या कोपऱ्याला लागू होतो. म्हणजे दोष अ‍ॅपचाच, असं कुणी म्हणेल. पण विंडो मॅनेजर बदलताच सरकणं थांबलं, तर दोघांचा हिशेब जुळत नाही एवढंच खरं.

वेलँड या दुसऱ्या पद्धतीची गोष्ट निराळी. तिथे साध्या अ‍ॅपला पडद्यावरची आपली जागा कळत नाही, मागताही येत नाही. ती कंपोझिटर, म्हणजे पडद्यावर खिडक्या मांडणारा प्रोग्राम, ठरवतो. म्हणून अ‍ॅपची सेटिंग्ज उकरण्यात अर्थ नाही. केडीई डेस्कटॉपवर जागा पक्की करायला विंडो रूल लावावा. (कोणती पद्धत चालू आहे, ते सेटिंग्जमधल्या ‘अबाउट’ पानावर दिसतं.) पद्धत कोणतीही असो, घरी एकटा लॅपटॉप आणि कचेरीत जोडीला मॉनिटर असेल, तर या सगळ्याआधी पडद्यांची मांडणी तपासावी.