धामण : उंदीर नियंत्रणातील बिनविषारी मदतनीस

ज्वारीची काढणी चालू असताना किंवा कडब्याची गंजी हलवताना लांबलचक साप सळसळत निघतो आणि नाग समजून मारला जातो. अनेकदा ती धामण असते. धामण मेली की बांधावरच्या बिळांतील उंदरांचा एक शत्रू कमी होतो आणि नुकसान आपल्याच पिकाचे होते.

ओळख
धामणीचे शास्त्रीय नाव टायस म्युकोसा. लांबी साधारण ५ ते ७ फूट, क्वचित त्याहून जास्त. रंग पिवळसर, तपकिरी किंवा काळपट. डोळे मोठे, बाहुली गोल, ओठांच्या खवल्यांवर काळ्या उभ्या रेघा आणि शेपटीकडे काळे आडवे पट्टे. डिवचल्यास मान फुगवते, गुरगुरल्यासारखा आवाज करते. पण नागासारखा फणा काढत नाही. मात्र फणा मिटलेला नागही तपकिरी असू शकतो. म्हणून खात्री नसेल तर जवळ जाऊ नका.

याच टायस कुळीत आशियातील इतरही साप येतात. टायस कोरॉस आणि सुमारे १२ फुटांपर्यंत वाढणारा टायस कॅरिनाटा आग्नेय आशियात आढळतात. आपल्या शिवारात दिसते ती म्युकोसा.

शेतीला उपयोग
धामण दिवसा फिरते, चपळ असते, झाडावर चढते आणि उंदरांच्या बिळातही शिरते. घुबडे रात्री शिकार करतात, धामण दिवसा. दोघांची कामे एकमेकांना पूरक आहेत. मात्र ती बेडूक, सरडे, पक्षी आणि अंडीही खाते, त्यामुळे खुराड्याची जाळी बारीक ठेवा.

गैरसमज
• धामण गाई-म्हशींच्या पायांना विळखा घालून दूध पिते : खोटे. साप दूध ओढून पिऊ शकत नाही. गोठ्यात ती उंदरांच्या मागे येते.
• शेपटीत विष असते : खोटे.
• उभे राहून एकमेकांना वेढे घालणारी जोडी म्हणजे नर-मादी : बहुधा ते दोन नर असतात आणि ती त्यांची झुंज असते.

काय करावे?
१. धामण दिसल्यास वाट मोकळी करा, ती स्वतःच निघून जाते.
२. गोठा व घराजवळ अडगळ, सांडलेले धान्य ठेवू नका. उंदीर कमी, तर सापही कमी.
३. उंदरांसाठी विषारी आमिष वापरल्यास मेलेले उंदीर रोज गोळा करून खोल पुरा. ते खाणाऱ्या सापांना व पक्ष्यांना विषबाधा होऊ शकते.
४. बागेतील नायलॉनची जुनी जाळी जमिनीवर पडू देऊ नका. त्यात साप अडकून मरतात.
५. साप घरात शिरल्यास वनविभागाला किंवा प्रशिक्षित सर्पमित्राला बोलवा. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार धामण संरक्षित आहे. तिला मारणे गुन्हा आहे.

सर्वांत महत्त्वाचे : कोणताही साप चावला, तर ‘धामणच असेल’ असे म्हणून घरी थांबू नका. चावलेला भाग हलवू नका, चिरा देऊ नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. १०८ वर फोन करून थेट दवाखाना गाठा.