वुडन फ्लोअरिंगखाली काय घालावे?
लेखमाला : घराची बांधणी – भाग ७

मागच्या आठवड्यात गच्चीतून उतरणारी उष्णता पाहिली. आता पायाखाली पाहू.

वाशी-नेरूळच्या रो-हाऊसमध्ये तळमजल्याच्या कोब्यावर वुडन फ्लोअरिंग करायचे म्हटले की दुकानदार पातळ फोमची गुंडाळी काढतो आणि इन्सुलेशन झाले म्हणतो. थंड प्रदेशात घराची ऊब जमिनीत जाऊ नये म्हणून असा थर लागतो. नवी मुंबईत जानेवारीतही त्याची गरज पडत नाही. इथे अडवायची असते ती ओल.

१९७० मध्ये नवी मुंबई वसवणारी सिडको स्थापन झाली आणि खाडीकाठच्या सखल, खाजणाच्या जमिनीवर भराव घालून इथले कितीतरी नोड, म्हणजे वसाहती, उभे राहिले. पावसाचे पाणी भरतीच्या वेळी साठवायला धारण तलाव बांधावे लागले, इतके पाणी इथे जवळ आहे. काँक्रीट घट्ट दिसते, पण त्यातल्या सूक्ष्म छिद्रांतून ओल वर चढते. उघड्या कोब्यावरून ती उडून जाते, लाकडाखाली मात्र कोंडते. लॅमिनेटच्या फळीचा गाभा लाकडाच्या दाबलेल्या तंतूंचा असतो. तो सांध्यातून पाणी पितो, कडा फुगून वर येतात आणि त्या पुन्हा कधीच बसत नाहीत.

म्हणून आधी कोबा तपासा. दीड फूट लांबी-रुंदीचे पारदर्शक प्लॅस्टिक पसरून चारही कडा टेपने बंद करा आणि किमान १६ तास तसेच राहू द्या. आतून थेंब धरले किंवा खालचा कोबा काळपट झाला, तर ओल आहे. मे महिन्यातल्या चाचणीवर विसंबू नका, पाऊस सरता सरता ती घ्या. कोबा नवा असेल तर जाडीच्या दर इंचाला सुमारे महिनाभर सुकायला द्या. मिस्त्री वरून हात फिरवून ‘सुकलाय’ म्हणतो, तेव्हा आत पाणी असतेच.

कोबा कोरडा निघाला तरी त्यावर २०० मायक्रॉनचे पॉलिथिन हवेच. पट्ट्या एकमेकींवर आठ इंच चढवून टेप लावा, कडा भिंतीवर स्कर्टिंगच्या मागे वळवा. त्यावर दोन-तीन मिलिमीटरचा घट्ट फोम. मऊ, जाड फोम पाय पडला की दबतो आणि फळ्यांचे लॉक तुटतात. भिंतीशी १० ते १२ मिलिमीटर फट सोडायला सुताराला बजावा. वरच्या मजल्यांवर फोमचा खरा उपयोग खालच्या शेजाऱ्याला होतो, त्याला पावलांचा आवाज कमी जातो.

कोब्यावर लाकडी पट्ट्या ठोकून वर फळ्या बसवण्याची पद्धत तळमजल्यावर मला मान्य नाही. खिळे पॉलिथिनला भोके पाडतात आणि खालच्या पोकळीत वाळवीला घर मिळते.

चाचणीत थेंब दिसले, तर आधी जोत्याला टेकलेली माती, तुंबलेले गटार आणि बाथरूमची गळती पाहा. ते सारे निस्तरून पुन्हा चाचणी घ्या. तरीही ओल राहिली, तर खाली टाइल्सच घाला आणि वुडन फ्लोअरिंग वरच्या खोलीत करून घ्या.