राजीनामा देताना सोबत काय नेता येतं? समजून घ्या ‘ट्रेड सिक्रेट’चा वाद

नोकरी बदलताना अनेक जण जुन्या ऑफिसमधल्या काही फाइल्स स्वतःच्या ईमेलवर पाठवून ठेवतात. ‘मीच तर बनवल्या आहेत’ असं त्यांना वाटतं. पण याच सवयीमुळे प्रकरण कोर्टापर्यंत जाऊ शकतं.

ट्रेड सिक्रेट म्हणजे काय?

जी माहिती बाहेर कुणाला ठाऊक नाही, गुप्त असल्यामुळेच जिला किंमत आहे आणि जी जपण्यासाठी कंपनीने काळजी घेतली आहे, ती माहिती. उदाहरणार्थ, उत्पादनाचं सूत्र, डिझाइन, सोर्स कोड.

गुगल-उबर प्रकरण काय होतं?

अँथनी लेवांडोवस्की हे गुगलच्या चालकविरहित गाडी प्रकल्पातले अभियंते. जानेवारी 2016 मध्ये त्यांनी नोकरी सोडली आणि ‘ऑटो’ ही कंपनी काढली. त्याच वर्षी उबरने ती विकत घेतली. गुगलच्या प्रकल्पातून पुढे ‘वेमो’ ही कंपनी झाली होती. जाण्यापूर्वी लेवांडोवस्कींनी सुमारे 14 हजार फाइल्स डाउनलोड केल्या, असा आरोप करत वेमोने फेब्रुवारी 2017 मध्ये उबरवर खटला भरला.

वर्षभराने दोन्ही कंपन्यांनी तडजोड केली. उबरने वेमोला सुमारे 24.5 कोटी डॉलरचे शेअर्स दिले. लेवांडोवस्कींची मात्र सुटका झाली नाही. उबरने त्यांना आधीच काढून टाकलं होतं. 2019 मध्ये त्यांच्यावर 33 फौजदारी आरोप ठेवले गेले. त्यांनी एकच गुन्हा कबूल केला, तोही प्रकल्पाच्या कामाचा आढावा असलेल्या एका फाइलबद्दल. त्यासाठी त्यांना 18 महिन्यांची शिक्षा झाली. जानेवारी 2021 मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी त्यांना माफी दिली.

भारतात कायदा काय सांगतो?

भारतात ट्रेड सिक्रेटसाठी स्वतंत्र कायदा नाही. तो करावा, अशी शिफारस विधी आयोगाने 2024 मध्ये केली. सध्या असे वाद प्रामुख्याने नोकरीचा करार आणि विश्वासभंगाच्या तत्त्वावर लढवले जातात.

मात्र भारतीय करार कायदा, 1872 चं कलम 27 कर्मचाऱ्याच्या बाजूने आहे. ‘नोकरी सोडल्यावर अमुक वर्षं प्रतिस्पर्धी कंपनीत जाणार नाही’ ही अट साधारणपणे कोर्टात टिकत नाही. कराराची मुदत चालू असताना मात्र चित्र वेगळं असतं. कल्याणच्या टायर कॉर्ड कारखान्यातल्या एका कर्मचाऱ्याने पाच वर्षांचा करार अर्ध्यावर सोडून कोट्याच्या कंपनीत नोकरी धरली. मुदत संपेपर्यंत त्याला तसं काम करण्यास केलेली मनाई सर्वोच्च न्यायालयाने 1967 मध्ये कायम ठेवली.

मग काय लक्षात ठेवायचं?

तुमचं कौशल्य आणि अनुभव तुमचाच आहे, तो नव्या नोकरीत वापरता येतो. कंपनीच्या फाइल्स सहसा कंपनीच्या असतात, मग त्या तुम्ही बनवलेल्या असल्या तरी. गुप्ततेची अट नोकरी सोडल्यावरही लागू राहू शकते, त्यामुळे करार नीट वाचा. कामाचा नमुना हवा असेल तर लेखी परवानगी घ्या. लॅपटॉप परत करताना पोच घ्यायला विसरू नका.