‘एक नंबर’ कोण ठरवतं? ब्रिटिश कॉमेडीचा वाद आणि आपला धंदा



मागच्या व्हिडिओत मी आर्कराइटच्या गल्ल्याचा किस्सा सांगितला होता. ‘ओपन ऑल अवर्स’ या जुन्या ब्रिटिश मालिकेतला हा कोपऱ्यावरचा किराणा दुकानदार. त्याच्या गल्ल्याचा खण असा खाडकन मिटतो की बोटं आत राहिली तर गेलीच म्हणायची. दुकान पहाटे उघडणार, रात्री उशिरा बंद करणार, आणि आलेल्या गिऱ्हाइकाला काहीतरी गळ्यात मारल्याशिवाय सोडणार नाही. शनिवारच्या बॅचमध्ये एकाने विचारलं, “सर, मग ही तिकडची एक नंबरची कॉमेडी आहे का?”

खरं सांगू, मला पटकन उत्तर देता आलं नाही. कारण हा वाद मी पुण्यात बीबीए करताना हॉस्टेलवर तीन वर्षं ऐकलाय. एक रूममेट ‘फॉल्टी टॉवर्स’चा भक्त, दुसरा ‘ओन्ली फूल्स अँड हॉर्सेस’चा, आणि मी दुकानदाराचा मुलगा म्हणून आर्कराइटच्या बाजूने. लॅपटॉप एक, मतं तीन. इंग्लंडमध्ये तर हे भांडण पन्नास वर्षं जुन्या मालिकांवरून अजूनही चालू आहे.

आज हा वाद नीट उलगडून बघू. यात धंद्याची एक मोठी गोष्ट लपलेली आहे, आणि ती न कळल्यामुळे माझे साडेछत्तीस हजार रुपये अडकले होते. ते शेवटी सांगतो.

दोन याद्या, दोन एक नंबर

२००४ मध्ये बीबीसीने ‘ब्रिटनची सर्वोत्तम सिटकॉम कोणती’ हे प्रेक्षकांच्या मतांवरून ठरवलं. शेवटच्या दहा मालिकांसाठी एकेका नामवंत व्यक्तीने वकिली केली आणि मग लोकांनी मतं दिली. निकाल असा लागला: पहिली ‘ओन्ली फूल्स अँड हॉर्सेस’, दुसरी ‘ब्लॅकॅडर’, तिसरी ‘द व्हिकर ऑफ डिब्ली’, चौथी ‘डॅड्स आर्मी’, पाचवी ‘फॉल्टी टॉवर्स’. पुढे ‘येस मिनिस्टर’, ‘पॉरिज’, आठवी आपली ‘ओपन ऑल अवर्स’, मग ‘द गुड लाइफ’ आणि दहावी ‘वन फूट इन द ग्रेव्ह’.

आता दुसरी यादी बघा. त्याच्या चारच वर्षं आधी, २००० मध्ये, ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने टीव्हीच्या धंद्यातल्या लोकांना विचारून शंभर सर्वोत्तम ब्रिटिश कार्यक्रमांची यादी केली होती. नाटकं, माहितीपट, मालिका असं सगळं धरून. तिथे पहिला नंबर ‘फॉल्टी टॉवर्स’चा! २०१९ मध्ये ‘रेडिओ टाइम्स’ने विनोदातल्या जाणकारांना विचारलं, तेव्हाही ‘फॉल्टी टॉवर्स’च पहिली.

म्हणजे लोकांनी जिला पाचवी केली, ती जाणकारांनी पहिली केली. मग खोटं कोण बोलतंय? कोणीच नाही. लोकांना विचारलं तेव्हा त्यांनी आपली लाडकी मालिका सांगितली. कारागिरांना विचारलं तेव्हा त्यांनी ज्या कामासमोर टोपी काढावीशी वाटते ते सांगितलं. प्रश्न दिसायला एकच होता, पण उत्तर देणारा बदलला.

दोन्ही बाजूंचं म्हणणं

‘फॉल्टी टॉवर्स’वाल्यांचा मुद्दा ऐका. टॉर्की या समुद्रकिनाऱ्यावरच्या गावातलं एक हॉटेल आणि गिऱ्हाइकांचा तिटकारा असलेला त्याचा मालक बेसिल. जॉन क्लीझ आणि कॉनी बूथ या दोघांनी मिळून लिहिलेली ही मालिका. १९७५ मध्ये सहा भाग, १९७९ मध्ये सहा भाग. संपली! एकेका स्क्रिप्टवर आठवडेच्या आठवडे काम. पहिल्या मिनिटाला पडलेली काडी शेवटच्या मिनिटाला पेट घेणार, एकही प्रसंग वाया नाही. भक्त म्हणतात, बारापैकी एक तरी भाग वाईट दाखवा.

‘ओन्ली फूल्स’वाले म्हणतात, बारा भाग चांगले करणं वेगळं आणि बावीस वर्षं लोकांच्या घरात टिकणं वेगळं. जॉन सलिव्हन यांनी लिहिलेली ही मालिका १९८१ ला सुरू झाली आणि शेवटचा खास भाग २००३ च्या नाताळात दाखवला गेला. लंडनच्या पेकम भागातला डेल बॉय आणि त्याचा धाकटा भाऊ रॉडनी. पिवळ्या तीनचाकी गाडीतून कसलाही माल आणायचा, बाजारात सुटकेस उघडून विकायचा, आणि पुढच्या वर्षी आपण करोडपती होणार असं दरवर्षी म्हणायचं. १९९६ मध्ये त्यांच्याच गॅरेजमध्ये वर्षानुवर्षं पडून असलेलं एक जुनं घड्याळ लिलावात ६२ लाख पौंडांना जातं आणि ते खरंच श्रीमंत होतात. तो भाग त्या रात्री २ कोटी ४३ लाख लोकांनी पाहिला. इतके लोक एका कॉमेडीसाठी एकाच वेळी टीव्हीसमोर बसले, याहून मोठा कौल कुठला?

पण यालाही उत्तर आहे. २००३ च्या नाताळात शेवटचा भाग लागला आणि लगेच २००४ च्या सुरुवातीला मतदान! मालिका लोकांच्या मनात ताजी होती. ‘फॉल्टी टॉवर्स’ संपून तेव्हा पाव शतक झालं होतं. मतदान कधी घेतलं, यानेही फरक पडतोच.

आणि एक गंमत. या दोन्ही मालिकांना सुरुवातीला कोणी डोक्यावर घेतलं नव्हतं. ‘फॉल्टी टॉवर्स’ची पहिली स्क्रिप्ट वाचून बीबीसीतल्याच एका अधिकाऱ्याने ‘हे काही चालणार नाही’ अशा अर्थाचा शेरा मारला होता. ‘ओन्ली फूल्स’च्या सुरुवातीच्या सीझनना प्रेक्षक बेताचेच होते. १९८३ मध्ये दुसरा सीझन पुन्हा दाखवला, तो चालला, म्हणून तिसरा निघाला. पहिल्याच वर्षी कोणी नंबर लावले असते तर या दोघी कुठे असत्या, विचार करा.

स्पर्धेत कोणाला घ्यायचं?

वादाचा तिसरा भाग मला सगळ्यात मजेशीर वाटतो. यादी करण्याआधीच भांडण सुरू होतं.

‘मॉन्टी पायथन्स फ्लाइंग सर्कस’ घ्या. ब्रिटिश विनोदाचं नाव काढलं की ती आठवतेच. शंभर कार्यक्रमांच्या यादीत ती पाचवी होती. पण २००४ च्या यादीत ती नाही, कारण ती सिटकॉम नाहीच. सिटकॉममध्ये ठरलेली पात्रं आणि ठरलेली जागा असते, हिच्यात सुटे सुटे प्रवेश आहेत. जिला धावायलाच घेतलं नाही, ती हरली असं कसं म्हणणार?

‘फादर टेड’चं उलटं. पात्रं आयरिश, लेखक आयरिश, गोष्ट आयर्लंडच्या एका बेटावरची, पण दाखवली ब्रिटनच्या चॅनल फोरने. २०१९ च्या जाणकारांच्या यादीत ती दुसरी आली आणि ‘ही ब्रिटिश कशी?’ हा प्रश्न तिच्या मागे लागलेलाच आहे. व्याख्या बदला, निकाल बदलतो.

एकच लेखक, तीन वेगळे विक्रम

आता आर्कराइटकडे परत येऊ. त्याला जन्म देणारे लेखक रॉय क्लार्क. त्यांच्या तीन मालिका शेजारी शेजारी ठेवून बघा.

‘ओपन ऑल अवर्स’ लोकांच्या मतांमध्ये आठवी आली. आर्कराइटच्या दुकानात राबणारा भाचा ग्रॅनव्हिल आणि पेकमचा डेल बॉय, दोन्ही भूमिका डेव्हिड जेसन यांच्याच. पुढे २०१३ मध्ये ‘स्टिल ओपन ऑल अवर्स’ आली, तेव्हा तोच भाचा दुकानाचा मालक झालेला होता.

‘लास्ट ऑफ द समर वाइन’ १९७३ पासून २०१० पर्यंत चालली. तब्बल २९५ भाग, आणि सगळे एकट्या क्लार्क यांनी लिहिलेले! जगात इतकी वर्षं चाललेली दुसरी सिटकॉम नाही.

‘कीपिंग अप अपिअरन्सेस’ म्हणजे शेजाऱ्यांवर छाप पाडायला धडपडणाऱ्या बाईची गोष्ट. २०१६ मध्ये जाहीर झालं की बीबीसीने परदेशी चॅनेलना सगळ्यात जास्त वेळा विकलेला कार्यक्रम हाच, जवळपास हजार वेळा.

आता मला सांगा, क्लार्क यांची सगळ्यात भारी मालिका कोणती? मतं मोजली तर पहिली, वर्षं मोजली तर दुसरी, परदेशातली विक्री मोजली तर तिसरी. गंमत म्हणजे वर्षं आणि विक्री यांत जिंकलेल्या दोन्ही मालिका लोकांच्या पहिल्या दहात नाहीत.

दुसऱ्या देशात जाऊन रुजणं हाही एक वेगळाच कस आहे. ‘येस मिनिस्टर’वरून आपल्याकडे २००१ मध्ये फारूख शेख यांची ‘जी मंत्रीजी’ आली. मंत्री आणि सचिवाची रस्सीखेच आपल्याला समजावून सांगावी लागलीच नाही! ‘माइंड युअर लँग्वेज’वरून पंकज कपूर यांची ‘जबान संभाल के’ आली. ही मूळ मालिका तिकडे परदेशी लोकांना ठोकळेबाज दाखवते म्हणून टीकेची धनी झाली, पण आपल्याकडे अनेक जण आजही तिच्यावर खळखळून हसतात.

माझे अडकलेले पैसे

आता माझी चूक. माझं स्टेशनरीचं दुकान आहे. २०२३ च्या मे महिन्यात मी दुकानाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मतदान घेतलं, ‘कोणती वही सगळ्यात भारी?’ पाच प्रकार दिले होते. दीडशेच्या आसपास मतं आली आणि जाड पुठ्ठ्याची, चित्रवाली स्पायरल वही धो धो मतांनी जिंकली. मी खूश! ८५ रुपये भावाने ६०० वह्या उचलल्या. ५१ हजार रुपये एका झटक्यात गेले.

ऑगस्ट संपला तेव्हा ४३० वह्या तशाच पडून होत्या. आणि ज्या साध्या १७२ पानी एकेरी वहीला जेमतेम चार मतं पडली होती, ती जूनच्या दुसऱ्या आठवड्यातच संपली. शाळेची यादी हातात घेऊन आलेले पालक डझन डझन वह्या मागत होते आणि मी हात हलवत उभा. ते समोरच्या दुकानात गेले. त्यातले काही पुढच्या वर्षीही परत आले नाहीत.

रात्री हिशोब बघून अण्णा एवढंच म्हणाले, “मत द्यायला पैसे पडत नाहीत रे, वही घ्यायला पडतात.”

ग्रुपवर होती कॉलेजची पोरं. त्यांनी खरंच आवडलेल्या वहीला मत दिलं, खोटं काहीच नव्हतं. पण जूनमध्ये माझा गल्ला भरणारे पालक त्या ग्रुपवर नव्हतेच. हॉस्टेलवर तीन वर्षं हाच वाद ऐकूनही, माझ्या स्वतःच्या दुकानात ‘मी कोणाला विचारतोय?’ हा प्रश्न मला सुचला नाही.

तुमच्यासाठी या आठवड्याचं काम

यापुढे कुठलीही ‘टॉप टेन’ दिसली, मग ती मालिकांची असो, मशीनची असो की ‘सगळ्यात चालणाऱ्या धंद्यांची’, तर तीन प्रश्न विचारा:

१. कोणाला विचारलं? बघणाऱ्याला, जाणकाराला की पैसे मोजणाऱ्याला?
२. काय मोजलं? आवड, विक्री की टिकाऊपणा? आणि कधी मोजलं?
३. यादीत कोणाला घेतलं, आणि कोणाला घेतलंच नाही?

मग वही काढा आणि तुमच्या दहा वस्तू किंवा सेवा तीन वेळा क्रमाने लिहा. एकदा लोक कशाचं कौतुक करतात त्यानुसार, एकदा महिन्याला किती खपतं त्यानुसार, आणि एकदा तेच गिऱ्हाईक पुन्हा पुन्हा काय न्यायला येतं त्यानुसार. अजून धंदा सुरू केला नसेल तर ओळखीच्या एका दुकानदाराकडे दोन तास बसा आणि त्याच्या मालाच्या याद्या करा. तिन्ही याद्या सारख्या निघणं अवघड आहे. ज्या वस्तू जागा बदलतील त्यांच्याकडे नीट बघा. कौतुकाची वस्तू समोर मांडा, खपाची कधी संपू देऊ नका, आणि पुन्हा पुन्हा गिऱ्हाईक आणणाऱ्या वस्तूचा भाव वाढवताना दहा वेळा विचार करा.

मी आता दर मे महिन्यात ग्रुपवर मतदान घेतो, पण ते फक्त दर्शनी फळीवर काय लावायचं यासाठी. खरेदीची यादी मागच्या जूनची बिलं बघून करतो.

आणि शनिवारच्या बॅचमधल्या त्या मित्रासाठी उत्तर: २००४ च्या यादीत आर्कराइट आठवा. माझ्या दुकानात तो पहिला, कारण त्याची नजर गल्ल्यावरून कधी हटली नाही. बोटं तेवढी सांभाळा!

भेटू पुढच्या व्हिडिओत.